पूनम सागर ते आगाशी

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस पूनम सागर आणि तिच्याच वळणाच्या इतर वसाहती एकमेकींना इतक्या बिलगून उभ्या आहेत की, गच्चीवर चढल्याखेरीज आपण कोणत्या भूमीवर राहतो याचा उलगडा येथल्या रहिवाशास होत नाही. गच्चीवरून मात्र पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेस उत्तन-डोंगरीचा उंचवटा आणि उत्तरेस वसईच्या खाडीची दिशा ध्यानात येते, आणि साष्टी बेटाच्या उत्तर टोकावरील ही सारी सपाटी म्हणजे मूळचे खाजण होय, हे सांगण्यासाठी मग भूगोलाच्या पुस्तकाची गरज उरत नाही. १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारने मिरे, भाईंदर आणि घोडबंदर या मौज्यांच्या जमिनी एका मक्तेदारास ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या आणि समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. बांधाच्या आत भात आणि बाहेर मीठ, एवढ्या साध्या अर्थव्यवस्थेवर ही गावे जगली. पुढे मुंबईत न मावणारी माणसे उत्तरेकडे सरकू लागली, १९८५ साली येथे नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका आली, आणि भाताची खाचरे इमारतींखाली गेली ती फारशी कुरकुर न करता. कसणारा एक आणि दस्तऐवजावरचा धनी दुसरा, अशी जेथे स्थिती असते तेथे जमिनीच्या बाजूने उभे राहण्यास कोणी उरत नाही, असे मला वाटते.

हे येथेच नोंदवण्याचे कारण असे की, ज्या प्रदेशाच्या प्रवासास मी निघालो होतो तो खाडीच्या पलीकडे अगदी हाकेच्या अंतरावर असूनही त्याचा इतिहास नेमका उलट घडला. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील शेतकऱ्यांनी, मळेवाल्यांनी आणि धर्मगुरूंनी मिळून १९८८-८९ च्या सुमारास हरित वसई संरक्षण समिती उभी केली आणि अंगावर येणारे महानगर जमेल तितके थोपवून धरले. त्या समितीने काय राखले आणि काय राखता आले नाही, हे डोळ्यांनी पाहावे, एवढाच या प्रवासाचा हेतू होता.

भाईंदर सोडताच गाडीच्या दोन्ही बाजूंस मिठागरे लागतात. भरतीचे पाणी बांधांनी अडवावे, ते एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत खेळवीत उन्हाला द्यावे आणि उरलेले मीठ फळीने ओढून ढीग लावावे, हा उद्योग शतकानुशतके येथे चालत आला. पुष्कळ चौकटी आता ओस पडल्या असून त्यांत तिवरे वाढली आहेत. तिवरांना पूर्वी कोणी विचारीत नसे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीस आणि त्यांवरील भरावास मनाई केली, तेव्हापासून या चिखलातल्या झाडांना कायद्याचे कवच आहे. मग पूल येतो. उल्हास नदी ठाण्यापाशी दुभंगते आणि तिचा उत्तरेकडील फाटा येथे समुद्रास मिळतो. पुलाच्या मध्यावर पाणजू हे लहानसे बेट लागते. आगगाडी ज्यांच्या डोक्यावरून दिवसभर धडधडत जाते त्या पाणजूकरांना मात्र गाव सोडण्यास होडीचाच आधार घ्यावा लागत आला, हा योग मला पुलावरून जाताना नेहमीच विलक्षण वाटतो. पुलापलीकडे जिल्हाही बदलतो: अलीकडे ठाणे, पलीकडे १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेला पालघर.

या लोहमार्गाने वसईचे दैव घडवले. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोज एक गाडी सुरू झाली, आणि वसईचा शेतकरी मुंबईच्या बाजाराशी कायमचा जोडला गेला. दुधाच्या किटल्या, केळीचे घड, विड्याची पाने, अबोली-मोगऱ्याच्या पाट्या आणि भाजीचे भारे घेऊन पहाटेची गाडी धरणारी वसईकर माणसे हे पश्चिम रेल्वेवरचे जुने दृश्य आहे. लाल लुगड्यातल्या कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, बायका आजही क्वचित दिसतात. परंतु जो लोहमार्ग वसईची भाजी मुंबईस नेतो तो मुंबईची माणसे वसईस आणतो, आणि पहिल्या व्यवहारावर पोसलेल्या वाड्यांना दुसऱ्या व्यवहाराने गिळावे, असा प्रसंग शंभर-सव्वाशे वर्षांनी उभा राहिला.

वसई रोड स्थानकावर उतरल्यावर पूर्वेस आणि पश्चिमेस आरंभी काहीच भेद दिसत नाही. दोहींकडे तीच दुकाने, त्याच रिक्षा, तोच कोलाहल. माणिकपूर ओलांडून बस पापडीच्या दिशेने वळली, म्हणजे पालट सुरू होतो. इमारती खुज्या होतात, मग त्यांची कौलारू घरे होतात, घराभोवती केळी, नारळ, सुपारी येतात, तिठ्यावर पांढरा क्रूस किंवा एखादे मंदिर दिसते. नकाशावर नगररचनाकाराने एके काळी जी हिरवी सीमारेषा ओढली ती जमिनीवर इतकी स्पष्ट दिसेल, अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती.

वसई गावात किल्ल्यापाशी फार रेंगाळलो नाही, कारण त्याचा इतिहास मराठी वाचकास पाठ आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांस दिला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो जिंकला. दरम्यानच्या दोन शतकांत येथील समाजाची वीण बदलली. गास, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव या गावांतून सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ हिंदू आणि वाडवळ ख्रिस्ती शेजारी शेजारी वाडी करतात. देवळात जाणारा आणि चर्चमध्ये जाणारा यांच्या बोलीत, नारळ उतरवण्याच्या रीतीत किंवा लग्नाच्या कित्येक चालींत उपऱ्यास फरक सांगता येणार नाही. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजाळलेला, असा समज घेऊन जो कोणी येथे येईल त्याला रविवारची मराठी प्रार्थना ऐकताना आपला समज मुकाट्याने खिशात घालावा लागतो.

गासच्या पुढे एका वाडीत एक वृद्ध मळेवाले भेटले. त्यांनी प्रथम घर दाखवले नाही, झाडे दाखवली नाहीत, विहीर दाखवली. तिच्या काठावर बसून त्यांनी जे समजावून सांगितले त्याने माझी या प्रदेशाविषयीची कल्पना पार पालटली. वसईची हिरवळ निसर्गाने बहाल केलेली नाही, ती माणसाने घडवली आहे. समुद्राकडील रेताड जमिनीत पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरील सायीसारखे तरंगत राहते. ही साय उन्हाळाभर टिकली तर विहीर गोड, विहीर गोड तर वाडी हिरवी. उपसा बेताबाहेर झाला की खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढलेले खारे पाणी सहजासहजी उतरत नाही.

ही साय राखण्यासाठी पूर्वजांनी बावखले खणली. बावखल म्हणजे वाडीतले वा गावकुसातले, हाताने खणलेले, कच्च्या काठांचे तळे. खणलेली माती घराच्या जोत्याला किंवा खोलगट वावराला जाई, खड्ड्यात पावसाळा साठे, पाणी रहाटाने उपसून पाटावाटे केळीच्या आळ्यांत जाई, आणि उरलेले हळूहळू जमिनीत झिरपून भोवतालच्या विहिरींना पुरे. काठी करंज, भेंडी, उंबर. पाण्यात मासे आणि बगळे. इतकी नीट बेतलेली जलव्यवस्था इतक्या वर्षांत माझ्या कानांवरही आली नव्हती. पाऊस संपून थोडेच दिवस झाले असल्याने बावखले तुडुंब भरलेली होती, आणि दोन-तीन ठिकाणी मात्र ज्या जागी बावखल असावे तेथे डबर टाकून सपाटी केलेली होती.

“बिल्डर एकदाच येतो, टँकर रोज यायचा,” असे ते मळेवाले काका म्हणाले. समितीच्या इतिहासातला हा अध्याय बाहेरच्यांना फारसा ठाऊक नाही. नव्या वसाहतींना पाणीपुरवठा नव्हता. बांधकाम आधी आणि पाणी मागाहून, हा क्रम आपल्याकडे रूढच आहे. तेव्हा विहिरींत शक्तिमान पंप बसवून वाड्यांखालचे पाणी टँकरांनी विकण्याचा धंदा भरभराटीस आला. पाणी विकणारा आपल्याच विहिरीचे विकतो, असे त्यास वाटे. प्रत्यक्षात तो सगळ्या आळीचे विकत असे, कारण जमिनीखालच्या पाण्यास सातबाऱ्याच्या हद्दी ठाऊक नसतात. समितीने या उपशास विरोध केला तेव्हा तिचा सामना परक्या धनिकाबरोबरच कधी कधी आपल्या भाऊबंदाशीही पडला, आणि माझ्या मते तिचे खरे धैर्य येथेच दिसले.

पुढे सूर्या नदीचे पाणी आले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. तहान भागते हे खरे; परंतु ज्या सूर्या प्रकल्पाची धरणे मुळात डहाणू-पालघरकडील शेतीच्या सिंचनासाठी बांधली त्याच्या लाभक्षेत्रातील आदिवासी शेतकरी या वाटपाविरुद्ध उभे राहिले, हेही तितकेच खरे. वसईच्या विहिरीवरचा भार हलका झाला तो आणखी उत्तरेच्या कोणाच्या तरी पाटावर गेला.

समितीचा उगम समजण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. १९७३ च्या प्रादेशिक योजनेत वसईचा मोठा भाग हरित विभाग म्हणून राखलेला होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शासनाचे धोरण फिरले, बांधकामाची दारे उघडली, आणि १९९० च्या मे महिन्यात सिडकोची वसई-विरार उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. जमिनीचे भाव चढले, तशी धाकदपटशाही आली. सही करण्यास नाखूष असलेल्या शेतकऱ्याकडे रात्रीची माणसे येऊ लागली. याच सुमारास, १९८७-८८ च्या हिवाळ्यात, पश्चिम घाट बचाव पदयात्रेने सह्याद्रीच्या जंगलांचा प्रश्न महाराष्ट्र-गोव्याच्या कानावर घातला होता. हवा तयार होती. वसईने त्या हवेला आपल्या वाडीचा विषय दिला.

समितीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. ते नंदाखालचे, शेतकऱ्याच्या घरातले. १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. संपादकाची लेखणी, धर्मगुरूचे व्यासपीठ आणि वाडीचे बालपण या तिन्ही गोष्टी एका माणसात एकवटल्या, हा वसईचा भाग्ययोग. परंतु चळवळ ख्रिस्ती राहिली नाही, तशी ती राहूही शकली नसती. चर्चच्या आवारात सभा भरली तर पुढली देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात, आणि मोर्च्यात सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी एकत्र. पगारी माणूस नाही, कचेरी नाही. दिवसा वाडी किंवा नोकरी आणि रात्री सभा. पुढे याच दिब्रिटोंची उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या नावास काहींनी हरकत घेतली. त्यांना आदल्या तीस वर्षांची वसई ठाऊक असती तर ही हरकत त्यांच्या तोंडी आली नसती, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो निवर्तले.

कामाची रीत कंटाळवाणी होती, आणि चळवळींच्या कथांत हा भाग बहुधा गाळला जातो. मोर्चा एका दिवसाचा. मसुदा आराखडा मात्र महिनोन्‌महिने वाचावा लागतो. कोणत्या सर्वे नंबरावरून रस्ता जातो, कोणत्या नाल्याची रुंदी कागदावर कमी झाली, कोणते भातखाचर अकस्मात निवासी रंगात रंगवले गेले, हे जाणून विहित मुदतीत हरकत नोंदवणे, सुनावणीस जाणे, नकाशाची नक्कल मिळवणे, आणि सगळे उपाय थकल्यावर न्यायालयाची पायरी चढणे, अशा खटपटीत या स्वयंसेवकांची वर्षे गेली. इंग्रजी न जाणणाऱ्या शेतकऱ्यांनी नगररचनेची परिभाषा आत्मसात केली. पुढे २०१६ ते २०३६ या कालावधीसाठी प्रादेशिक योजनेचा नवा मसुदा आला तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या, त्या या जुन्या शिक्षणाचे फळ होत्या.

या लढ्याशी तुलना करून पाहावी तर, इंग्लंडात १९२६ साली ग्रामीण प्रदेशाच्या रक्षणासाठी एक परिषद स्थापन झाली, आणि तिच्या गावोगावच्या शाखांनी शहरांभोवती हिरवे पट्टे राखण्यास मोठा हातभार लावला. तिचे पुरस्कर्ते बहुतांशी वास्तुविशारद, सरदार-जमीनदार आणि निसर्गप्रेमी शहरवासी. त्यांना राखावयाचे होते ते दृश्य. वसईत लढला तो त्या भूमीवर पोट असलेला माणूस. त्याला दृश्याचे कौतुक करण्यास सवडच नव्हती, त्याला विहीर राखावयाची होती. म्हणूनच त्याचा लढा चिवट ठरला, आणि म्हणूनच त्याची मर्यादाही ठरली: ज्याची विहीर त्याचा लढा. लोहमार्गाच्या पूर्वेकडील भाताची शेते, नालासोपाऱ्याची खाजणे आणि पाण्याच्या वाटा यांच्यामागे तसे बळ उभे राहिले नाही. पश्चिमेस अडवलेले बांधकाम पूर्वेस सरकले, आणि तेथे ज्यांनी घरे घेतली ते मुंबईच्या भाड्याने हुसकावलेले, पोटाला चिमटा काढून खोली घेणारे लोक होते. त्यांना दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा कित्येक दिवस पाण्याखाली गेले, लोहमार्ग बुडाला, मिठागरातील वस्त्या तुटल्या, आणि मग नीरी व आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमावी लागली. पाणी कोठून जाईल हा प्रश्न वसईच्या सभांतून तीस वर्षे विचारला जात होता.

निर्मळला पोहोचलो तेव्हा कार्तिक वद्य एकादशीची यात्रा जवळ आली होती. तळ्याकाठी दुकानांचे सांगाडे उभे राहत होते. शंकराचार्यांच्या समाधीचे हे स्थान आणि अगदी लगतचे चर्च यांच्या मधल्या रस्त्यावर यात्रेचा बाजार भरतो. पुढे भुईगाव. येथे १९५६ साली अशोकाच्या शिलाशासनाचा एक तुकडा मिळाला. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यास एक तुकडा शोधला होता. ज्या सोपारा बंदरास अशोकाने आपली आज्ञा कोरून पाठवण्याइतके महत्त्व दिले ते बंदर गाळाने भरून नाहीसे झाले, आणि आज त्याचा शोध घेणाऱ्यास नालासोपाऱ्याच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

आगाशीस सुकेळी मागितली. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात काही दिवस वाळवायची, रात्री झाकायची, आणि मधासारखा रंग आल्यावर सुक्या पानांत बांधायची, असा हा जुना पदार्थ. आता तो करणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली. राजेळीस पाणी फार लागते आणि सोलणाऱ्या-वाळवणाऱ्या हातांची उणीव आहे. घरोघरची मुले आखातात किंवा कॅनडात आहेत. वाडी एखाद्या परप्रांतीय मजुराच्या हवाली असून म्हातारी माणसे त्यावर देखरेख करतात. बिल्डरशी लढलेल्या पिढीच्या पाठीमागे जमीन आहे, परंतु ती कसण्याची इच्छा आहे की नाही, याविषयी गावकरी माझ्याशी बोलताना आपापसांतच वाद घालू लागले.

राज्यकारभाराची घडीही सहजी बसली नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. ग्रामपंचायती जाऊ नयेत म्हणून गावांनी आंदोलन केले, त्या असंतोषाच्या बळावर विवेक पंडित त्याच वर्षी अपक्ष आमदार झाले, आणि २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय दिला. तो न्यायालयात अडकला आणि पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. आमचे गाव पंचायतीत की पालिकेत, असा प्रश्न येथील माणूस मला विचारी, तेव्हा त्याच्या सुरात थट्टा असे.

नंदाखालकडे परतताना एक तरुण भेटला. नोकरी शहरात, रविवार गावात. तो आणि त्याचे सोबती श्रमदानाने बावखलांतला गाळ आणि जलपर्णी काढतात. त्याने वहीत गावोगावच्या बावखलांची यादी केली होती, सर्वे नंबरासह. तलाठ्याच्या दप्तरात त्यांपैकी काही पोटखराबा म्हणून लागलेली आहेत, काही सरकारी जागा म्हणून, आणि काही लागलेलीच नाहीत. जे कागदावर नाही ते कोणी बुजवले तर तक्रार कशाच्या आधारे करावयाची, म्हणून प्रथम ती कागदावर आणावयाची, असा त्याचा हिशेब होता. यादीतील निम्म्या नोंदींपुढे तपासल्याची खूण होती, आणि उरलेल्या पुढच्या पावसाळ्याच्या आत संपवावयाच्या होत्या.